गाडी कुणी जुंपली

माझ्या मामाला कुणी साधं "जेवलास का?" विचारलं तरी तो आधी घसा खाकरतो, उजव्या हाताचं बोट वर करतो आणि म्हणतो, "नीट ऐका. याला तीन बाजू आहेत."

मग मामी आतून ओरडते, "एका बाजूला ताट आहे, दुसऱ्या बाजूला मी आहे आणि तिसरी बाजू थंड होत चाललीय. बसा आता!"

मामा यंत्रं हलवतो. कारखाना एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेला, नवं यंत्र आलं, जुनं भंगारात निघालं, की मामाची टोळी जाते. टोळीत सहा माणसं, आणि मामा त्यांचा मुकादम. जॅक, पहारी, साखळ्या आणि लोखंडी नळ्या एवढा त्यांचा संसार. यंत्र जॅकने उचलायचं, खाली नळ्या सरकवायच्या, नळ्यांवरून इंच-इंच ढकलत न्यायचं. मागची नळी मोकळी झाली की उचलून पुढे ठेवायची. तीन टनांचं धूड असं चालवतात, की वाटावं एखादी जाडजूड आजीबाई सावकाश देवळातून परत चाललीय. फक्त मामाच्या घरातले देवळात नाही, चर्चमध्ये जातात.

आणि चर्चच्या मागच्या खोलीत, दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता, मामाचा शंकांचा वर्ग भरायचा.

तो वर्ग सुरू झाला मुंगळ्यामुळे. मुंगळा म्हणजे टोळीबरोबर असणारा क्रेनवाला. एकदा चिकटला की सुटत नाही, म्हणून मुंगळा. देव-बिव मानत नाही. प्रत्येक भयंकर प्रश्नाआधी तो मान वाकडी करून म्हणतो, "माझा साधा प्रश्न आहे हं." सहा वर्षांपूर्वी चहाच्या सुट्टीत त्याने असाच विचारला.

"माझा साधा प्रश्न आहे हं, मुकादम. तुमचा देव चांगला ना? मग पूर आणून तान्ही पोरं का बुडवली?"

मामा तीन दिवस जेवला नाही. चौथ्या दिवशी दोनशे पानी वही आणली आणि बुटांच्या खोक्याला वरून चीर पाडून त्याची पेटी केली. ज्याला बायबलमधला देव क्रूर वाटतो त्याने चिठ्ठी टाकावी, पुढच्या गुरुवारी उत्तर मिळेल. मामी त्या दिवसापासून त्याला वकीलसाहेब म्हणू लागली. "देवाने यांना वकीलपत्र दिलंय," ती शेजारणींना सांगायची. "अशील कधी भेटायला येत नाही, पण खटला जोरात चाललाय."

लोक यायचे, खरंच यायचे. चर्चमधले दहा-बारा जण आणि मुंगळ्यासारखे चार-पाच. मामा उभा राहायचा.

"नीट ऐका. पुरातून वाचायची ती नाव बांधायला किती वर्षं गेली? एवढी वर्षं हातोडा वाजत होता. देवाने घाई केली नाही. दार उघडं होतं."

"तान्ह्याला दार कळतं का?" मुंगळा.

"दुसरी बाजू. जीव ज्याने दिला त्याने परत घेणं वेगळं आणि तुम्ही-मी घेणं वेगळं. घर मालकाचं असतं."

"मालकालाही नोटीस द्यावी लागते हो!"

सगळे हसायचे, मामाही हसायचा, आणि वहीत लिहायचा, नोटीस, याचा विचार करणे. पूर्ण शहरं कापून काढायचा हुकूम देवाने दिला, त्यावर मामा म्हणायचा, "लढाईची भाषा फुगवलेली असते. काल मॅच जिंकल्यावर तूच म्हणालास, त्यांचा पार भुगा केला. सापडला का कुठे भुगा? नंतरच्या पानांवर तीच माणसं जिवंत फिरताना दिसतात." हे मुंगळ्याला पटलं होतं. पटलं की तो गप्प राहून नख खातो. देवाने मिसर देशातल्या घरोघरची पहिली मुलं मारली, त्याबद्दल मामा म्हणायचा, "आधी नदीत पोरं कुणी फेकली? तो हिशेब राजाने सुरू केला." हे पटलं नव्हतं. "राजाने फेकली तर राजाला धरा," मुंगळा म्हणाला, "दळण दळणाऱ्या बाईचं पोर का?" त्या दिवशी मामा रिकाम्या फळ्याकडे बघत उभा राहिला. पण हरला नाही. मामाच्या मते हरणं म्हणजे देवाला एकटं सोडणं.

मामाचं सगळ्यात आवडतं उत्तर मात्र गाडीवाल्याचं.

त्याची गोष्ट अशी. देवाची पवित्र पेटी दुसऱ्या एका राजाला आपल्या शहरात आणायची होती. नवी बैलगाडी केली, पेटी चढवली, पुढे गाणी, वाद्यं, नाच. एका जागी बैल अडखळले, पेटी कलली. शेजारून चालणाऱ्या गाडीवाल्याने पटकन हात लावून सावरली. आणि तो तिथेच मेला. देवाने मारला, असं लिहिलंय.

या गोष्टीवर शंका काढणारे फार. मदत केली म्हणून मारतो होय? पण मामा ही गोष्ट ऐकली की खुलायचा, कारण हे त्याच्या धंद्यातलं होतं. "पेटीला कड्या होत्या. कड्यांत दांडे घालून खांद्यावर न्यायची, असा नियम सांगून ठेवला होता. गाडी चालतच नव्हती. देव म्हणजे काही सामान नाही. नियम मोडला, माल कलला, हात गेला, माणूस गेला."

ही गोष्ट तो रोज सकाळी कामावरही सांगायचा. सहा माणसं ओळीने उभी, हातात मोजे, आणि मामा बोट वर करून, "गाडीवाल्याने काय केलं?"

"हात लावला!"

"मग?"

"मेला!"

"म्हणून आपण?"

"माल पडला तर पडू द्यायचा!"

या कोरसमध्ये सगळ्यात मोठा आवाज काकांचा. काका म्हणजे माझ्या मावशीचा नवरा, मामाचा मेहुणा, टोळीत सगळ्यात धिप्पाड आणि सगळ्यात आळशी. "आणि मुकादम पडला तर?" ते विचारायचे.

"तरी पडू द्यायचा."

"हे बरंय. हे लिहून द्या, बहिणीला दाखवीन तुमच्या."

काका चार महिन्यांपूर्वी गेले. गुरुवारच होता. पत्रा कापायचं प्रेस एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये न्यायचं होतं. वर मोठं चाक असल्यामुळे ते वरून जड आणि खालून अरुंद. शेडच्या मधून पाणी वाहून जायची एक उथळ नाली होती, तिच्यावर पत्रा टाकला होता. पत्रा दबला, नळी आत गेली, प्रेस कललं. सगळे मागे उडाले. काकांचे दोन्ही हात मात्र पुढे गेले.

बाकीचं मी सांगणार नाही. मामानेही कधी सांगितलं नाही.

मावशी वरच्या मजल्यावर राहते, मामा खालच्या. एकच जिना. ती काजं-बटणं करायला एका शिवणाच्या दुकानात जाते. लहानपणापासून मामाला दादा म्हणायची. भांडताना सुद्धा, "दादा, तू माणूस आहेस की माकड!" अंत्यविधीनंतर तिसऱ्या दिवशी मामा वर गेला तेव्हा तिने दार अर्धं उघडलं आणि म्हणाली, "बोला, मुकादम."

मामाला वाटलं, चुकून. पण ते चुकून नव्हतं. त्यानंतर ती जे काही बोलली ते मुकादमांशी. "मुकादम, पाण्याची मोटर बंद करा." "मुकादम, तुमचं पत्र वर आलंय." मुंगळाही त्याला मुकादमच म्हणतो, सगळं जग म्हणतं. पण तिच्या तोंडून ते ऐकलं की मामा जिन्यात कठडा धरून उभा राहायचा.

वर्ग दोन आठवडे बंद होता, मग मामाने तो दुप्पट जोराने सुरू केला. वहीत पानं चिकटवली. आवाज वाढवला. कुणी काही न विचारता उत्तरं द्यायला लागला. गाडीवाल्याची गोष्ट त्याने दोनदा सांगितली, दोन्ही वेळा नियमावर मूठ आपटली. मुंगळा मधे बोलला नाही, आणि तेच भयंकर होतं.

मग एका गुरुवारी पेटीत खाकी कागदाचा तुकडा निघाला, शिवणाच्या दुकानातला, कडेला खडूची रेघ. मामाने सवयीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"गाडीवाल्याची गोष्ट पाठ झाली आहे. एकच विचारायचं आहे. गाडी कुणी जुंपली?"

मामाने कागद उलटून पाहिला. मागे लिहिलं होतं, पुढच्या शनिवारी मी नणंदेकडे कायमची जाते आहे. त्याआधी सांगा.

"याचं उत्तर पुढच्या गुरुवारी," मामा म्हणाला. त्याचं बोट वर गेलंच नाही.

तो आठवडा मी विसरणार नाही. शुक्रवारी मामा चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेला, मी बरोबर होतो. पाळकसाहेब फार प्रेमळ, पण त्यांचं वाक्य मधेच दमतं आणि दुसऱ्या वाक्याच्या खांद्यावर हात टाकतं.

"बघा, म्हणजे एका अर्थाने, पावित्र्य हा जो विषय आहे, तो विषय असा आहे की, म्हणजे आपण माणसं, नाही का..."

"साहेब, गाडी राजाने जुंपायला लावली ना?"

"हो. म्हणजे, तसं म्हटलं तर, राजा आणि पुढारी मंडळी..."

"मग नियम त्यांनी मोडला. गाडीवाला नुसता शेजारून चालत होता. मग देवाने राजाला का नाही मारलं?"

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आपण प्रार्थना करू या का?"

प्रार्थना केली. मामाने आमेन म्हटलं नाही.

शनिवारी तो क्रेनच्या शिडीवर चढून मुंगळ्याच्या केबिनपाशी लटकला. "तू सांग. तू माझ्या जागी असतास तर काय उत्तर दिलं असतंस?"

मुंगळ्याला जन्मात असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "मी? अहो मी तर देवच..." मग त्याने मान वाकडी केली. "असं म्हणा ना, की गाडीवाला रोज त्या पेटीजवळ राहत होता. सवय झाली, भीती गेली. किंवा म्हणा, सगळ्या देशाला धडा मिळावा म्हणून. तुमच्याच वहीत होतं की हे."

"तुला पटेल का?"

"माझं सोडा हो. तिला पटलं म्हणजे झालं."

देव न मानणारा माणूस देवाची बाजू शोधत होता, आणि मामा शिडीवर उभा राहून डोळे पुसत होता. खालून टोळीतले ओरडत होते, "मुकादम, खाली या, शिडी सरकतेय!"

सोमवारी मामा चहाचा कप घेऊन वर गेला.

"उत्तर आणलंय का, मुकादम?" दाराआडून.

"चिमणे, ऐक तर..." तिला तो चिमणी म्हणतो.

"नाही ना? मग चहा खाली न्या. गार होईल."

मंगळवारी ती खोकी बांधत होती. वरून चिकटपट्टी ओढल्याचा आवाज यायचा, चर्रर्र, आणि प्रत्येक चर्रर्रला मामा डोळे मिटायचा. मामी एरवी सोडणारी नाही, पण तिनेही वकीलसाहेब म्हणणं बंद केलं. "वन्सं जाणार," एवढंच म्हणाली. "त्या गेल्या तर तुमच्या वहीचं करायचं काय? पाणी तापवू तिच्यावर?" आणि मग स्वतःच रडायला लागली.

गुरुवारी खोली भरली होती. मावशी शेवटच्या बाकावर, पर्स मांडीवर घट्ट धरून, बसची वाट बघणाऱ्यासारखी. मामाने वही आणली नव्हती. नुसतं बायबल होतं, तेही बंद.

"गाडी राजाने जुंपायला लावली," तो म्हणाला. घसा खाकरला नाही. "सहा वर्षं मी नियम नियम करतोय. नियम मोडला तो राजाने. गाडीवाल्याला सांगितलं, चल शेजारून, तो चालला. मी हे बघितलं नाही, कारण मला देवाला सोडवायचं होतं. कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय देव सुटत नव्हता, आणि मेलेला माणूस उलट बोलत नाही."

कुणीतरी खुर्ची सरकवली.

"आता आमच्या गाडीचं. प्रेसवरचं चाक काढून मग न्यायचं असतं. चाक काढायला दोन तास. मेहुणा म्हणाला होता, काढू या. तो आळशी माणूस, दोन तास जास्त काम करायला तयार होता. मी म्हणालो, नको, तसंच नेऊ. मला सहाला इथे पोहोचायचं होतं." मामाने खोलीकडे बघितलं, फळा, बाकं, बुटांचं खोकं. "इथे. देव निर्दयी नाही हे तुम्हाला सांगायला. नवं उत्तर सापडलं होतं, ते सांगायची घाई झाली होती."

मावशीने पर्सचा बंद सोडला, परत धरला.

"गाडी मी जुंपली, चिमणे."

मावशी बसल्या जागेवरून म्हणाली, "आणि देव?"

"मला माहीत नाही."

"सहा वर्षं माहीत होतं."

"हो." मामाने बायबल उघडलं. "पुढे काय लिहिलंय ते मी कधी वाचून दाखवलं नाही. थेट नियमावर उडी मारायचो. गाडीवाला मेला आणि राजाला राग आला. देवाचा राग आला. मग भीती वाटली. पेटी पुढे न्यायचं धाडसच होईना, म्हणून वाटेतल्या एका घरी ठेवली आणि तो निघून गेला. तीन महिने. राजाला कुणी उत्तर दिलेलं नाही. पण तू रागावू नकोस, असंही कुणी म्हणालेलं नाही." तो थांबला. "माझ्याकडे याहून काही नाही. मी सगळीकडे शोधलं."

मुंगळ्याने नख तोंडात घातलं होतं, पण खात नव्हता.

मावशी उठली आणि गेली.

शनिवारी सकाळी टेम्पो आला. खोकी खाली गेली, पलंग सुटा होऊन गेला, शेवटी उरलं कपाट. आरशाचं, लोखंडी, काकांनी लग्नात घेतलेलं. जिन्याला मधे वळण आहे, आणि त्या वळणावर जगातलं प्रत्येक कपाट अडतं. वर मुंगळा आणि टोळीतले दोघं पट्टा धरून, खाली मामा वाट दाखवायला. मावशी खालच्या पायरीशी, मामाच्या दाराबाहेर.

"डावीकडे घे. सावकाश. माझा साधा प्रश्न आहे हं, हे कपाट आत कसं गेलं होतं?"

"आरसा सांभाळा!"

"आरसा सांभाळला तर पाय जातोय माझा!"

पट्टा सुटला. कपाट दोन पायऱ्या धाडकन घसरलं, आणि मामाचे दोन्ही हात पुढे गेले. तीस वर्षं लोकांना शिकवलेला माणूस. दोन्ही हात, छाती, सगळं.

"दादा!" मावशी किंचाळली. "हात काढ, दादा!"

मामाने हात काढले. कपाट भिंतीवर आपटून तिरकं अडकलं. आरसा खालपासून वरपर्यंत तडकला. मुंगळ्याने वरून पट्टा कसाबसा परत पकडला आणि कुणाला तरी नाव न घेता शिवी दिली.

मावशी पायरीवर बसली. "पडू द्यायचा ना माल?" ती म्हणाली. "रोज सकाळी ओरडायचात ना सगळे?"

"हात गेले," मामा म्हणाला.

"गेले म्हणजे?"

"मी पाठवले नाहीत. गेले." तो स्वतःच्या तळव्यांकडे बघत होता, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखा.

मावशीही बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "यांचेही तसेच गेले असतील." पुन्हा म्हणाली, यावेळी छताकडे बघून, आणि त्या आवाजात इतकी चीड होती की वरचे तिघं टोप्या काढून उभे राहिले. "त्याचेही तसेच गेले असतील. गाडीवाल्याचे. त्यात मारण्यासारखं काय होतं?"

मामाने बोट वर केलं नाही. तो तिच्या शेजारी पायरीवर बसला आणि म्हणाला, "विचार. मीही विचारतो."

टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला.

मावशीने तोंड पुसलं. उठली. कपाटाकडे बघितलं. "हे राहू दे."

"म्हणजे?" मामी दारातून.

"तुमच्या दारात राहू दे, वहिनी. टेम्पोत आरसा फुटेल पुरता." मग मामाकडे न बघता, "राजाने पेटी किती दिवस ठेवली होती म्हणालास?"

"तीन महिने."

"मग न्यायला आला?"

"आला."

"बरं," मावशी म्हणाली. टेम्पोत पुढे बसली, दार ओढून घेतलं. काच वर केली, मागे वळून पाहिलं नाही.

टेम्पो वळल्यावर मुंगळा जिन्याच्या वरून ओरडला, "माझा साधा प्रश्न आहे हं! आम्ही तिघांनी खाली कसं यायचं?"

कपाट आता मामाच्या दाराबाहेर उभं आहे. सरळ केलं, खाली लाकडाच्या पाचरी लावल्या, हलत नाही. येणारा-जाणारा आडवा होऊन जातो, आणि तडकलेल्या आरशात स्वतःचे दोन तुकडे बघतो. मामी तिथे पिशव्या अडकवू देत नाही. आज पाच आठवडे झाले. गुरुवारी मामा वर्गाला जातो, पण शेवटच्या बाकावर बसतो, मावशी बसली होती तिथे. कुणी काही विचारलं की त्याचं बोट अर्धवट वर येतं. मग तो ते दुसऱ्या हाताने धरून मांडीवर ठेवतो.